नळावरचा तुझा नंबर

शेवंते, मरायचं माझं ठरलं होतं.

आपण काही बसून ठरवलं नव्हतं, पण कोळशाच्या गावात ते घरोघर ठरलेलंच असतं. नवरा खाली जातो, बायको वर राहते. खाणीचा भोंगा पाळीच्या वेळेला वाजला तर कुणी मान वर करत नाही. अवेळी वाजला, की तव्यावरची भाकर तव्यावरच टाकून बायका खाणीच्या तोंडाशी पळत सुटतात. तू किती वेळा पळालीस! एकदा तर एका पायात तुझी चप्पल आणि एका पायात माझी. लोखंडी पिंजऱ्यातनं आम्ही वर यायचो तेव्हा सगळ्यांची तोंडं सारखीच काळी, नुसते डोळे आणि दात. पण तू मला चालीवरनं ओळखायचीस आणि सगळ्यांदेखत ओरडायचीस, "जित्ते हाव तर लवकर वर याया काय धाड भरली व्हती?" लोक हसायचे, मीपण हसायचो. मग घरी येऊन तू तोंड धुते म्हणून मोरीत जायचीस आणि लई वेळ बाहेर यायची नाहीस.

आता मला सांग, असं असताना तू आधी कशी गेलीस? जन्मभर नळावर कुणाला रांग मोडू दिली नाहीस, आणि शेवटी माझ्याच पुढं घुसलीस. मला राग आलाय तुझा. रडू येतं ते निराळं, पण राग लई आलाय.

आज तुझं जलदान झालं. आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी देतात, ते. बौद्धाचार्य आले होते, चाळ सगळी लोटली होती, आता कुणी नाही. आपली मित्रा आत भांडी घासतेय. तूच घातलेली सवय, पाहुणे गेल्यावर भांडं खरकटं राहू द्यायचं नाही. मघाशी म्हणाली, "बाबा, बोलत नाही तर लिहा तरी." पोरगी दहावीला गेली आणि बापाला शिकवायला लागली. म्हणून उंबऱ्यात बसून लिहितोय. सांज झालीय, दारोदार शेगड्या पेटल्यात, धुरानं डोळे चुरचुरतात. धुरानंच, असं मी मित्राला सांगितलंय.

कुठनं सुरू करू? पाण्यापासनंच करतो. आपलं सगळं भांडण पाण्याचंच होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तू लग्न होऊन नवीनच आली होतीस. बेंबळीच्या पलीकडचं आपलं ते छोटं गाव, त्याच्या कडेला आपली वस्ती. वस्तीचा आड सगळ्यांच्या आधी आटला. आपण बौद्ध झालो होतो, वस्तीत रोज वंदना व्हायची, पण घसा कोरडा पडला की गावच्या आडाकडं जाणं आलं. तिथं आपल्या माणसानं दोर सोडायचा नाही. लांबवर एक चपटा धोंडा होता, त्यावर घागर ठेवायची आणि उभं राहायचं. मागायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. गावच्या बायकांचं व्हायचं, मग बैलांचं व्हायचं, मग कुणाला आठवण झाली तर वरनं ओतायचं. मी तेव्हा धाराशिवच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. सांजचं घरी आलो की आधी घागरीत डोकवायचो. घागर किती भरलीय त्यावरनं तुझा दिवस कसा गेला ते कळायचं. तुझी टाळू उन्हानं सोलपटली होती. पण तू तोंडातनं ब्र काढला नाहीस. माझा धाकटा भाऊ दिगू तेवढा तुझ्या पदराला धरून तिथं उभा असायचा. सासू-सासऱ्यांपेक्षा त्याचाच तुला आधार.

वस्तीतला एक जण चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत लागला होता. त्याचा निरोप आला, माणसं घेत्यात, ये. मी तुला सांगितलं. दुसरी बाई असती तर पगार विचारला असता, राहायचं कुठं ते विचारलं असतं. तू विचारलंस, "तितं पाणी हाय का?"

"खाणीत इतकं हाय की पंप लावून भाईर फेकत्यात," मी म्हणालो.

"चेष्टा करू नका गरिबाची," म्हणालीस आणि गाठोडं बांधायला लागलीस.

चंद्रपूरच्या स्टेशनवर उतरलो आणि तू नाकाला पदर लावलास. तो काही वर्षं निघालाच नाही. सगळ्या गावावर धूर. प्रत्येक दारात कोळशाची शेगडी, धूर निघून जाईपर्यंत बाहेर ठेवायची आणि लाल निखारा झाला की उचलून आत न्यायची. वाळत घातलेलं पांढरं कापड सांजपर्यंत करडं. नाल्या काळ्या, लिंबाची पानं काळी, बकऱ्यांच्या दाढ्या काळ्या. "कावळ्याचं तेवढं काय बिघडलं न्हाय हितं," असं तू म्हणालीस आणि प्रवासभर न हसलेला मी स्टेशनाबाहेर उभा राहून हसलो. पलीकडं जुन्या राजांचा दगडी तट, तटाच्या आत जुनं शहर, बाहेर खाणीच्या चाळी, आणि सगळ्यांच्या पोटाखाली आम्ही, इंग्रजांच्या वेळेपासनं पोखरत आलेले. पहिल्याच दुपारी खाली सुरुंग उडाले आणि फळीवरच्या कपबश्या खुळखुळल्या. तू दचकून उभी राहिलीस. "कोळशाचं गाव म्हणलाव आन् तेरखेड्यात आणून ठिवलं व्हय मला?" तुझं माहेर तेरखेड्याच्या जवळ. फटाक्याच्या दारूच्या आवाजावर वाढलेली तू, तुला ते ओळखीचं वाटलं असणार.

तेव्हा खाण ठेकेदाराची होती. मुकादम काठी घेऊन उठवायला यायचा, ताप असो का बायको बाळंत होवो. मग खाण सरकारी झाली, चाळीत पेढे वाटले, आणि तू पेढा हातात धरून विचारलंस, "म्हंजी आता छत सरकारी झालं. पडायचं थांबंल का?" मी म्हणालो, पगार तरी वेळेवर होईल. तेवढं खरं झालं. छताचं मात्र आम्हीच बघायचो, काठीनं ठोकून. आवाज ठणठणीत आला तर खाली बसायचं, बद आला तर मागं सरायचं.

आणि नळावरची ती पहिली सकाळ. ती गोष्ट तू मला त्या दिवशी सांगितली नाहीस, लई वर्षांनी सांगितलीस, मित्रा शाळेत जायला लागल्यावर.

चाळीच्या टोकाला एकच नळ. बादल्या, घागरी, डबे यांची रांग, आणि बायका कट्ट्यावर गप्पा मारत बसलेल्या. भांडं रांगेत आहे म्हणजे माणूस रांगेत आहे, असा इथला कायदा. तू तुझी घागर घेऊन गेलीस, नळापासनं लांब एक चपटा दगड शोधलास, त्यावर घागर ठेवलीस आणि खाली मान घालून उभी राहिलीस. एकेकीचं भरत गेलं. तू उभी. तेलंगी बायका, छत्तीसगडच्या बायका, भय्यांच्या बायका, सगळ्या भरून गेल्या. तू उभीच. कुणीतरी ओतेल म्हणून. मग नळ गेला.

समोरच्या खोलीतली नरसम्मा तेवढी राहिली होती. तिचा नवरा माझ्याबरोबरच कोळसा भरायचा. ती म्हणाली, "ए बाई, पागल है क्या? लाइन में क्यों नहीं लगाया?" तुला हिंदी कळत नव्हती. तू म्हणालीस, "कुणी वाढलंच न्हाय." तिला मराठी कळत नव्हती. तिनं कपाळावर हात मारला, तुझी घागर ओढून घेतली आणि आपल्या भांड्यातलं निम्मं पाणी तुझ्या घागरीत ओतलं. ओतताना तिचं भांडं तुझ्या घागरीला लागलं, खण् करून वाजलं. तू घाबरून मागं सरलीस. तिला काहीच नाही. ती आपली पाणी ओतत होती आणि तुला शिव्या देत होती.

अशी चूक आपल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातनं झाली नसती, शेवंते. नळाला दोर नसतो, तिथं कुणाच्या मेहेरबानीची वाट बघायची नसते, हे तुला सांगायला पाहिजे होतं. पण हे सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि विचारावं लागेल असं तुझ्या डोक्यात आलं नाही. तू म्हणालीस, "घरी आले, निम्मी घागर पुढ्यात घिऊन बसले आन् रडले. पाण्यासाठी न्हाय वो. त्या खण् आवाजासाठी."

दुसऱ्या दिवसापासनं नळावर पहिली बादली तुझी. चाळ उठायच्या आधी जाऊन लावायचीस. पाऊस असो, थंडी असो, अंगात ताप असो. आणि मग तू जी काय त्या नळाची मालकीण झालीस, विचारू नको! साहेबाच्या बाईनं गडी पाठवून मधेच हंडा घुसवला तर तू तो उचलून मागं नेऊन ठेवलास. गडी म्हणाला, साहेबांचा आहे. तू म्हणालीस, "सायेब माझ्या नवऱ्यासंगं कोळसा भराया येतो का खाली? मंग हंडाबी मागंच." मला दुसऱ्या दिवशी बोलावणं येणार म्हणून मी रात्रभर तळमळलो. तू घोरत होतीस. आणि कुणी नवी बाई लांब उभी दिसली, मान खाली घालून, तर तुझं तोंड एकदम बंद व्हायचं. तू जायचीस, तिला हाताला धरून आणायचीस, तिचं भांडं आपल्या हातानं रांगेत लावायचीस. कुठल्या गावची, कोण, एक शब्द विचारायची नाहीस.

एकदा मी तुला म्हणालो, हे नळाचं पाणी खाणीतलंच. खालनं पंपानं उचलतात, गाळतात, टाकीत चढवतात. तू पेला तोंडापासनं लांब धरलास. "म्हंजी तुमी गुडघाभर ज्यात उभं ऱ्हाता, त्येच म्या पिते?"

"तेच."

"तरीच च्याला कवाकवा तुमच्या पायाची चव येती," म्हणालीस आणि गटागटा प्यालीस.

माझ्या अंघोळीचं पाणी शेगडीवर चढवलं की मी दारात दिसेपर्यंत ते उतरवायचं नाही, ही रीत तू इथल्या बायकांकडनं उचललीस. पाळी लांबली तर पाणी आटायचं, तू त्यात भर घालत राहायचीस. मी कितीही उशिरा आलो तरी पाणी कढत मिळालं. त्याबद्दल मी तुला कधी बरं म्हणालो नाही. आज म्हणतो. लई बरं वाटायचं गं. तू पाठ घासायचीस आणि काळं पाणी मोरीतनं जायचं, तेवढ्या वेळात मी खाणीतनं खरा वर यायचो.

मग गावाकडं सोसायटी आली आणि आपलं बिनसलं.

दुष्काळी कामावर बांधलेला आपल्या गावचा तलाव, त्याचं पाणी मोटारीनं उचलून पाइपानं वावरात आणायचं, सगळ्यांनी मिळून. उपसा सिंचनाची सहकारी सोसायटी. दिगू आता बाप्या झाला होता, त्यानं धावपळ करून आपल्या तुकड्याचंही नाव सभासदांत घातलं. उन्हाळी सुट्टीत आपण गेलो तेव्हा पहिलं पाणी सुटलं. पाइपाच्या तोंडातनं आधी बेडूक आला, मग गाळ, मग पाणी. मी पँटीसकट सरीत उतरलो. ढेकळं विरघळताना बघून मला वेड लागायचं बाकी होतं. तू मित्राला घेऊन बांधावर उभी.

मी ओरडलो, "शेवंते, बघ! आता दोन-चार वर्षं काढू आन् नोकरी सोडून हितं येऊ. घर बांधू."

"वावराला पाणी आलं, सोन्यासारखं झालं," तू म्हणालीस. "आता मला येवढंच सांगा, आडावर माझी घागर कुणाच्या आधी भरंल?"

दिगू म्हणाला, "वैनी, सोसायटीत आपुन सगळ्यांच्या बरूबरीनं बसतो. दिवस बदलले."

"पाइपाला कुणी इचारत न्हाय भावजी. दोराला इचारत्यात."

दिगूचं तोंड उतरलं. माझं डोकं फिरलं. परत येताना तुळजापूरच्या स्टँडावर, देवीच्या यात्रेकरूंच्या गर्दीत, आपण दोघं हातवारे करून भांडत उभे होतो आणि बस आपल्या डोळ्यांदेखत निघून गेली. मित्रा सामानावर बसून चिक्की खात होती. तिला सवय झाली होती.

त्यानंतर ते भांडण आपल्या घरात राहायलाच आलं. भाकरी थापताना, शेगडी पेटवताना, मी मीठ जास्त झालं म्हणालो तरी ते तिथंच जायचं. मी म्हणायचो, रोज डोक्यावरचं छत ठोकून बघायचं, ही काय जिनगानी हाय? मला वर आभाळ पायजे, खाली माती पायजे. कोळशात न्हाय मरायचं मला. तू म्हणायचीस, "आभाळ मलाबी पायजे. पर त्या आभाळाखाली म्या किती उभी ऱ्हायले, त्ये तुमी खडी फोडत व्हता, तुमाला काय ठावं." मी म्हणायचो, गाव सुधारलं. तू म्हणायचीस, "सुधारलं आसंल. माझी हाडं न्हाय सुधारली." मग तू म्हणायचीस, चला, नळ आला.

तुझंही खरं होतं आणि माझंही खरं होतं, हीच तर पंचाईत होती. खोटं कुणाचं असतं तर एका दिवाळीत मिटलं असतं.

त्या सकाळी माझी पहिली पाळी होती. आदल्या दिवशी दिगूला मी निरोप धाडला होता, औंदा गावाकडं यायचं नक्की करतो म्हणून, आणि ते तुला मित्राकडनं कळलं. माझी भाकर फडक्यात बांधलीस आणि दारात आडवी उभी राहिलीस.

"आज सरळ सांगा. जायचं का न्हाय?"

"सांजच्याला सांगतो. पाळीला उशीर व्हतोय."

तू बाजूला झालीस. "जावा. सांजच्याला सांगा, पर सांगा." आणि बादली उचललीस.

खाली मी रुळावरच्या टबात कोळसा भरत होतो. आमच्या पाळीवर देखरेख करणारा सरदार आला, माझ्या टोपीवरच्या बत्तीकडं न बघता म्हणाला, वर जा, घरनं बोलावणं आहे. भोंगा वाजला नव्हता. भोंगा आमच्यासाठी असतो, तुमच्यासाठी नसतो. पिंजरा इतका हळू चढतो हे मला त्या दिवशी कळलं. वर आलो तर खाणीच्या तोंडाशी कुणीच नाही. एक बाई नाही. सगळ्या नळावर होत्या.

नरसम्मा ओल्या जमिनीवर बसली होती आणि तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं. नळ चालूच होता, बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तुझी बादली भरून वाहत होती. तुझा पहिला नंबर होता, तो झाला होता. डॉक्टर म्हणाले डोक्यातली शीर फुटली, कळलंही नसेल. मी मान हलवली. ज्यांना माहीत नाही त्यांनी काही म्हणावं. तुला कळत नाही असं काही होतं का कधी?

तुला पोचवायला मी काळ्याच तोंडानं आलो. माणसं म्हणाली अंघोळ करून घे. पाणी कोण तापवणार होतं?

काल दिगू आला. तार मिळाली तसा निघाला, एसटी आणि दोन गाड्या बदलून. हातात पितळेची कळशी, तोंडाला फडकं बांधलेलं. वाटभर मांडीवर धरून आणली, थेंब सांडू दिला नव्हता. खाली ठेवली आणि माझ्या पायाशी बसला.

"दादा, गावच्या आडाचं हाय. म्या सवता शेंदलं. दोर माझ्या हातानं सोडला, पंच समोरच बसले व्हते, कुणी काय बोललं न्हाय. दोन म्हैनं झालं, वस्तीतल्या सगळ्या बाया शेंदत्यात. वैनीला कळवायचंच व्हतं. मंग म्हणलं, दिवाळीला येतील तवा हाताला धरून नीऊ, दावू." आणि तो पोरासारखा हमसायला लागला. "तिच्या जलदानाला ह्येच पाणी पायजे दादा."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "जित्तेपणी तिला थेंबाथेंबासाठी उभी केली आन् मेल्यावर कळशी भरून आणतोस? उचल ती. माझ्या घरात नको."

दिगूनं डोळे पुसले. आवाज चढवला नाही. "तिच्या पदराला धरून म्याच उभा व्हतो, दादा. तुमी नव्हता."

मी उठून आत गेलो. कळशी उंबऱ्याबाहेर राहिली.

आज सकाळी नळाच्या आधी मी तुझी बादली घेऊन बाहेर पडलो. रांग लागलेली होती, पण पहिली जागा मोकळी. नरसम्मा म्हणाली, तू गेल्यापासनं तिथं कुणी भांडं लावलंच नाही. कुणी ठरवलं नाही, पण लावलं नाही. मी तुझी बादली तिथं ठेवली. बायकांच्या रांगेत एकटा बाप्या, पण कुणी हसलं नाही. माझ्या मागनं दिगू आला, कळशी घेऊन. मला वाटलं माझ्याजवळ येतोय. तो सरळ मागं गेला, सगळ्यात शेवटच्या डब्याच्या मागं कळशी ठेवली आणि तिच्याशेजारी उभा राहिला. टोपी काढून, मान खाली घालून. अगदी तू उभी राहायचीस तसा, शेवंते. त्यानंच तर बघितलेलं.

नळ आला. तुझी बादली भरली, ती घरात ठेवून मी परत आलो. मग एकेकीचं. ऊन चढलं. रांग सरकली की दिगू कळशी उचलून हातभर पुढं ठेवायचा. शेवटी नरसम्माला राहवलं नाही. "अरे भैया, ये तो भरा हुआ है. लाइन में काहे को?"

दिगूला हिंदी कुठली येतेय. तरी मोडकीतोडकी जुळवून म्हणाला, "हमारी वैनी बहोत खडी रही. ये पानी भी जरा खडा रहने दो."

नरसम्माला किती कळलं कोण जाणे. ती कट्ट्यावर जाऊन बसली. दिगूचा नंबर यायच्या आधी नळ गेला. बायका जागच्या हलल्या नाहीत. मग नरसम्मा उठली, दिगूच्या शेजारची कळशी उचलून कमरेवर घेतली, माझ्या पुढनं चालत गेली आणि तुझ्या घरात तुझ्या बादलीशेजारी नेऊन ठेवली. ठेवताना भांड्याला भांडं लागलं. तू सांगायचीस तसाच आवाज झाला.

बौद्धाचार्यांनी विचारलं, पाणी कोणतं घ्यायचं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मित्रानं माझ्या हाताला हात लावला होता, तिच्या हाताला दिगूनं, त्याच्या हाताला नरसम्मानं. मी म्हणालो, आधी नळाचं, मग आडाचं. तांब्यानं तुझ्या बादलीतलं पाणी घेतलं, धार धरली, वाटी भरली, भरून ताटात वाहिली. मग दिगूची कळशी.

आडावर माझी घागर कुणाच्या आधी भरंल, असं विचारायचीस ना? तुझ्या बादलीच्या पाण्यानं वाटी आडाच्याच आधी भरली. मला एवढंच जमलं.

दिगूला सांगितलंय, वावर तू कर, मनापासनं कर, ते पाणी चांगलं आहे. तो आडही चांगला झालाय, मित्राला एकदा तिथं नेईन, तिच्या हातानं शेंदायला लावीन. तू असतीस तर मी हे बोललो असतो का? खरं सांगू, नसतो. अजून भांडलो असतो. लई भांडायचं राहिलं आपलं.

उद्या परत पहिली पाळी. बादली मी लावून जाईन. नवी बाई लांब उभी दिसली तर मला बाप्याला तिच्या हाताला धरता येणार नाही, ते नरसम्माला सांगून ठेवलंय. मित्रा म्हणाली, शेगडीवरचं पाणी मी बघते, भर घालत राहते. मी म्हणालो, बाळा, आधी अभ्यास. ऐकणार नाही. तुझीच आहे.

सांजच्याला सांगतो म्हणलो व्हतो. ही बघ, सांज झाली. जात न्हाय, शेवंते. हितंच हाय.